गोळी पाचावर

"मशीन चांगलं होतं हो," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत एकदासुद्धा थांबलं नाही."

ते त्यांनी स्वतः ढकलत आणलं होतं. चाकं आहेत त्याला, पण आमच्या शेडपर्यंतचा रस्ता म्हणजे चाकांचा नुसता छळ. सत्तरीची बाई, बारीक चण, घामानं डबडबलेली. मशीनवर धुतलेला टॉवेल पांघरलेला. नाकाची नळी गुंडाळून, दोन ठिकाणी दोरा बांधून वेगळ्या पिशवीत ठेवलेली. लोक असं परत आणत नाहीत. दारातून आत सरकवतात आणि मागं न बघता निघतात, जणू त्या डब्यानंच त्यांचं माणूस नेलं.

"कधी गेले?" मी विचारलं.

"मंगळवारी सकाळी. सतरा दिवस होतं आमच्याकडे." मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्यामुळे एवढं तरी झालं. तुमचं भलं होवो."

असे आशीर्वाद आमच्या धंद्यात पुष्कळ मिळतात. मी ते घेते, आतून पाणी आणून देते आणि कामाला लागते. त्या दिवशीही तसंच केलं. काकू पाणी पिऊन, भांडं पुसून परत देऊन गेल्या.

आमचा धंदा म्हणजे एकाच्या घरातून उठलेलं दुसऱ्याच्या घरात पोचवायचं. दवाखान्याच्या खाटा, चाकाच्या खुर्च्या आणि मुख्य म्हणजे प्राणवायूची मशीनं. जुनी आणायची, उघडायची, झिजलेलं बदलायचं, धुऊन-पुसून, रंग देऊन पुन्हा भाड्यानं बाहेर काढायची. धाकट्या मालकांनी शेडच्या भिंतीवर हिरव्या अक्षरांत लिहून घेतलंय, 'फेकू नका, फिरवा.' रंगारी ते रंगवत असताना मी म्हटलं होतं, "मला पण फिरव बाबा, गुडघे बदलून दे." तो म्हणाला, "तुझं नुसतं तोंड शाबूत आहे मीटरबाई, बाकी भंगारात." असं आमचं चालतं. बावीस वर्षं झाली मला इथे. थोरल्या मालकांनी शिकवलं आणि शेवटच्या तपासणीचं मीटर माझ्या हातात दिलं. मी मापून पास केल्याशिवाय आणि हिरव्या चिकटपट्टीवर सही केल्याशिवाय शेडमधून मशीन हलत नाही. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

परत आलेलं मशीन आधी चालवून मापायचं, मग उघडायचं, ही थोरल्या मालकांची पद्धत. मी काकूंचं मशीन लावलं. घुर्र करून सुरू झालं. समोरच्या काचेच्या नळीत छोटी गोळी असते, हवा जितकी येईल तितकी ती वर चढते. गोळी पाचावर जाऊन थांबली. हवा व्यवस्थित. मीटर लावलं, प्राणवायू एक्क्याण्णव टक्के. चांगलं मशीन त्र्याण्णवच्या आसपास दाखवतं. म्हटलं, थोडं थकलंय, होतं असं. आणि दुसऱ्या कामाला गेले.

तासाभरानं सहज नजर टाकली तर शहात्तर.

मी मीटरलाच दोष दिला. मीटर मोकळ्या हवेत धरलं, साध्या हवेत असतो तेवढाच एकवीस दाखवला, म्हणजे मीटर शहाणं. पुन्हा लावलं. बहात्तर. मग मी स्टूल ओढून समोर बसले. एकसष्ट. पंचावन्न. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे उघडून बसले, रंगारी म्हणाला, "काय गं, पिक्चर लागलाय का तिथे?" मी हललेच नाही. चार वाजता आकडा सत्तेचाळीसवर येऊन बसला आणि तिथून हलेना. गोळी मात्र पाचावर ताठ उभी. आवाज तसाच, हवा तशीच. नुसती हवा.

हे समजायला फार शिकावं लागत नाही. मशीनच्या पोटात दोन नळकांडी असतात, त्यांत मोहरीएवढे पांढरे दाणे भरलेले. खोलीतली हवा त्यांतून जाते, नको ते दाणे धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे सोडतात. पण ते दाणे ओलाव्याचे महाहावरट. नळकांड्यांची तोंडं उघडी राहिली की आजूबाजूची सगळी ओल पिऊन बसतात आणि मग कामाचे राहत नाहीत. सुरुवातीला तासभर बरे वागतात, गरम झाले की हात टेकतात. नव्या बनावटीला अशा वेळी लाल दिवा लागतो. या जुन्याला दिवा नव्हता. म्हणून तोंडावर टोपणं लावायची आणि म्हणूनच शेवटी अख्खा दिवस मशीन चालवून बघायचं. आमच्याकडे नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी मी हेच सांगते. टोपण विसरलास तर तुझे कान माझ्या हातात, असं सांगते.

हिरव्या पट्टीवर सही माझी होती. नंबरावरून वहीत तारीख बघितली आणि सगळं आठवलं.

ते उघडलंही होतं मीच. नळकांडी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि घरून फोन आला, सासूबाई न्हाणीघरात पडल्या. होती तशी निघाले. कुणाला सांगितलं नाही, टोपणं लावली नाहीत. चार दिवसांनी कामावर आले. दिवस असे दमट होते की शेडमधल्या पुठ्ठ्याच्या पेट्या मऊ पडल्या होत्या. नळकांडी तशीच आ वासून पडलेली. मी ती बघितली. बघितली नाही असं म्हणता येणार नाही. मनात म्हटलं, 'चार दिवसांनी काय होतंय?' आणि बसवून टाकली. वर एका पेशंटच्या घरून सारखे फोन येत होते, आजच पाहिजे, आजच पाहिजे. अख्खा दिवस कुठला, तासभर चालवलं. त्र्याण्णव दाखवलं. सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मालकांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पोरगा लहान होता तेव्हा मी त्याचं नाक पुसून दिलंय, त्यामुळे तो मला मावशी म्हणतो आणि मी त्याला तोंडावर मालक म्हणते. त्यांनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"मावशी, तो माणूस जाणारच होता. त्यांच्या डॉक्टरांनीच महिन्याची मुदत दिली होती. घरचे फोनवर बोलले होते मला."

"सतरा दिवस झाले," मी म्हटलं. "उरलेले तेरा कुठायत?"

"असं असतं का कुठे? महिना म्हणजे मोजून तीस दिवस?"

"मला माहीत नाही. म्हणूनच म्हणते."

"कुणी तक्रार केलीय? उलट बाई आशीर्वाद देऊन गेली. दाणे बदला, मशीन लावा कामाला. आणि तिथे जाऊन काही बोलू नका. सहा घरं चालतात या शेडवर."

"ते कळतं मला. पण माझी झोप उडालीय."

"म्हणजे तुमची झोप यावी म्हणून त्या बाईची घालवायची?"

पोरगं खरं बोललं की जास्त राग येतो. मी दार आपटून बाहेर आले.

मग एक चांगलं काम केलं, तेवढंच. त्या काळात माझ्या सहीनं बाहेर गेलेली अकरा मशीनं होती. मीटर पिशवीत घालून घरोघर गेले, प्रत्येक मशीनपाशी तीन-तीन तास बसले. लोकांना वाटलं, काय सेवा आहे दुकानाची! खरं सांगते, मनातून मला वाटत होतं की आणखी एखादं निघावं. म्हणजे दाणेच वाईट आले होते असं म्हणता येईल, गिऱ्हाइकांच्या घाईवर ढकलता येईल. असा विचार माझ्या मनात आला, त्या माणसांच्या नाकाला नळ्या लावलेल्या असताना. अकराच्या अकरा मशीनं ठणठणीत निघाली.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सांगायचं तर सांग, नाही तर नको सांगूस. पण सगळीकडे ते मशीन बरोबर घेऊन फिरू नकोस." तसे ते मोजकंच बोलतात.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी मी काकूंच्या घरी गेले.

एका लांबट गल्लीत दोन खोल्यांचं घर. मला बघून त्यांना आनंदच झाला. "काही राहिलं का माझ्याकडे? वायर दिली ना मी?" खुर्ची पुसली, बसवलं, नको नको म्हणताना चहा टाकला. खिडकीशी लोखंडी खाट होती, गादी गुंडाळलेली. मशीन जिथे होतं तिथे फरशीवर चार चाकांचे चार काळपट डाग.

बोलायला कुणी नसलं की माणूस बोलतच सुटतं. मला सुरुवात करायला त्यांनी फटच ठेवली नाही. त्यांचे 'हे' एका गोदामात काट्यावर कारकून होते. पस्तीस वर्षं पोती मोजली. हातात पोतं घेतलं की काटा हलायच्या आधी वजन सांगायचे. "त्यामुळेच स्वभाव तसला झाला," काकू हसत म्हणाल्या. "दूध कमी, तेल कमी, कापड बोटभर कमी. रोज कुणाशी तरी वाद. गल्लीत तक्रारकाका म्हणायचे त्यांना. मला मेलीला लाज वाटायची. अहो, शेवटी मशीनवरसुद्धा तक्रार!"

"काय म्हणायचे?" मी विचारलं.

"हेच, हवा पुरत नाही. मी गोळी दाखवायची, ही बघा पाचावर. तर म्हणायचे, गोळीला काय कळतंय, मला कळतंय. बोटाला लावायचं यंत्र कमी दाखवायचं, पण डॉक्टर म्हणाले की फुप्फुसंच संपत आलीत, मशीन काय करणार? आणि घाबरतात म्हणून शांत व्हायची गोळी दिली. मी तुमच्याकडे फोनसुद्धा केला होता. एक बाई होत्या. फार ठाम बोलल्या. म्हणाल्या, गोळी पाचावर आहे ना, मग निर्धास्त राहा, मशीन मी स्वतः तपासलंय. म्हटलं, ऐका, दुकानातल्या बाई पण तेच सांगतात. तेव्हा कुठे गप्प झाले."

मला तो फोन आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. दिवसाला असे दहा येतात आणि दहांनाही मी तेच सांगते.

"ती बाई मीच," मी म्हटलं. "काकू, मी त्याचसाठी आलेय. ते मशीन खराब होतं."

मग सगळं सांगितलं. टोपणं, चार दिवस, तासाभरात उरकलेली तपासणी, सही. आडपडदा ठेवला नाही. सासूबाई पडल्या हेही सांगणार होते, पण ते तोंडात आलं आणि मी गिळलं. काकू ऐकत होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडा खाता येतो. नाहीतर रडतील, मग मीही रडले असते.

"मग ते खरं बोलत होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती कमी होतं?"

"त्र्याण्णव पाहिजे. सत्तेचाळीस येत होतं."

"म्हणजे निम्मं."

"निम्मंच."

काकू खाटेकडे बघत राहिल्या. "निम्मंच म्हणाले होते ते," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी. म्हणाले, अगं, निम्मीच येतेय."

थोड्या वेळानं त्या उठल्या. केसांवरून हात फिरवला, चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं. "चला," म्हणाल्या.

"कुठे?"

"चला तर."

मला वाटलं पोलिसांत. म्हटलं, चला, जे होईल ते होईल. पण त्या शेजारच्याच दारापुढे थांबल्या. कडी वाजवली. निवृत्त मास्तर बाहेर आले, हातात पेपर. "या या वहिनी."

"बसत नाही मास्तर," काकू म्हणाल्या. "या बाई मशीनच्या दुकानातल्या. यांना सांगायचंय काहीतरी." आणि माझ्याकडे वळून, "सांगा."

मी गोंधळले. "काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

मी सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून, रस्त्यानं माणसं जात-येत असताना. मशीन खराब होतं, चूक माझी होती, निम्माच प्राणवायू येत होता. मास्तरांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. "अरेरे," म्हणाले. "मी त्यांना चेष्टेनं म्हटलं होतं, तक्रारकाका, आता वरती जाऊन तरी देवाशी मापावरून भांडू नका."

"माहितेय मला," काकू म्हणाल्या. "म्हणूनच आधी तुमच्याकडे आणलं."

तिथून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात. चार पेशंट बाकावर बसलेले. काकूंनी नंबर लावला. आम्ही दोघी बाकावर शेजारी शेजारी बसलो. एका पेशंटनं मला विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" मी म्हटलं, "काही नाही." आत गेल्यावर काकू पुन्हा म्हणाल्या, "सांगा." मी सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"हे बघा आजी, त्यांची अवस्था तशीही... आता याचा उपयोग काय?"

"उपयोग नाही हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही चिठ्ठीवर लिहिलं होतं, मनाची भीती. ती चिठ्ठी आहे माझ्याकडे. ती चूक होती एवढंच. ते घाबरले नव्हते, मोजत होते."

बाहेरच्या माणसानं दार ढकललं तेव्हा आम्ही निघालो.

घरी येऊन काकूंनी मुलीला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते. फोनचा आवाज मोठा केला, माझ्यासमोर धरला. मी त्या दुपारी चौथ्यांदा सांगितलं. मग मुलगी जी सुटली! खुनी म्हणाली, लाज वाटत नाही का म्हणाली, कोर्टात खेचीन म्हणाली. मी "हो" म्हणत राहिले. माझं पूर्ण नाव सांगितलं, शेडचा पत्ता सांगितला, मशीनचा नंबर सांगितला, लिहून घ्या म्हटलं. सहा घरं माझ्या डोळ्यांपुढे होती. रंगाऱ्याचं तर पहिलं. तरी सांगितलं.

"आई, तू रडू नकोस," मुलगी शेवटी म्हणाली.

"मी नाही रडत," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. आता दीर-जावा असतील, गल्लीतले आणखी कुणी असतील, म्हणतील तिथे जाईन. उद्याही येईन, परवाही येईन. माझी त्याला तयारी झाली होती. उलट प्रत्येक दारात माझं ओझं इवलंसं हलकं होत होतं, हे मी कबूल करते.

"अजून कोणाकडे जायचं?" मी विचारलं.

काकू खाटेच्या कडेवर बसल्या, गुंडाळलेल्या गादीला टेकून.

"जायच्या आदल्या संध्याकाळी ते सारखी नळी काढायला लागले," त्या म्हणाल्या. "हातानं खिडकीकडे दाखवायचे. उघड म्हणायचे. बाहेरची परवडली म्हणायचे. मी दोन्ही हात धरून ठेवले त्यांचे. अंगात ताकद नव्हती, तरी ओढत होते. म्हटलं, लहान आहात का? नळी परत लावली, वरून चिकटपट्टी मारली. मग रात्रभर नाही काढली त्यांनी."

त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले.

"तुम्ही सांगितलंत सगळ्यांना. बरं केलंत. आता हे मी कोणाच्या दारात जाऊन सांगू?"

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी उभीच राहिले.